पाठीचं माप

३ सप्टेंबर

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. फोनवर तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि मी "काय? काय?" करते तोवर तुम्ही फोन ठेवून देता. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. चार वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवाच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, ते मी विसरलेले नाही. पण भाऊ तुमचा आहे, तेव्हा माझा राग तूर्तास खुंटीला टांगते.

तुमच्या भावाला कंपवात झाला आहे. डॉक्टरांनी जुलैमध्ये सांगितलं, गोळ्या चालू आहेत. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरतो. चालता चालता पाय एकदम जमिनीला खिळतात, आणि घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानाच्या उंबऱ्याशी तर हमखास. मी हात धरून ओढते, तर उलट मागे झुकतात. महिन्याभरापूर्वी असेच अडकले आणि पडले. हातात कापड कापायची मोठी कात्री होती. लागलं नाही, पण चिरंजीवाने पाहिलं आणि कात्री कपाटात कुलूपबंद केली. म्हणतो, "डिसेंबरअखेर दुकान बंद. कोटांपेक्षा मला बाबांची बोटं हवीत."

बोलला ते मायेनेच. पण छत्तीस वर्षं त्या टेबलाशी उभं राहून ज्याने लोकांचे कोट शिवले, त्या शिंप्याला घरात बसवलं तर तो करणार काय? भिंतीकडे बघत बसेल आणि वाळेल. दुकान राहिलं तरच हा माणूस राहील, एवढं मला कळतं. बाकी काही कळत नाही.

आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त मला लागलंय ते वेगळंच. महिना झाला, हे माझ्याकडे बघून हसलेले नाहीत. चेहरा दगडासारखा. मी मुलाची बाजू घेतली असं वाटून रागावलेत. तुम्ही थोरल्या बहीण आहात, चार शब्द सुनवा त्यांना.

तुमची वहिनी

---

११ सप्टेंबर

वहिनी,

आशीर्वाद. रडगाणं बंद कर आणि सांगते तसं कर.

धाकट्याला ओढू नकोस. ओढलं की पाय आणखी घट्ट बसतात आणि माणूस पडतो. तो अडकला की आधी दोघांनीही थांबायचं. मग तुझं पाऊल त्याच्या पावलापुढे आडवं ठेव आणि म्हण, "हे ओलांडा." ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. का उचलतो ते मला विचारू नकोस. उचलतो.

हात मांडीवर असताना थरथरतो म्हणतेस. काम करताना कसा असतो, ते कुणी पाहिलं का? कात्री काढून घेण्याआधी ते बघायला हवं होतं. गोळीनंतर तासाभराने त्याला जाड कागद कापायला दे. शेजारी थांब, पण मध्ये हात घालू नकोस. काम हळू होईल. होऊ दे.

आणि तो रागावलेला नाही. या आजारात चेहरा माणसाचं ऐकत नाही. आत हसू असतं, ते तोंडापर्यंत पोचत नाही. तोंड बघून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचार ना त्याला. तीस-पस्तीस वर्षं संसार केलास, एक प्रश्न विचारायला काय होतं?

मला हे कसं ठाऊक म्हणशील. शाळेतल्या ओळखीच्या एका बाईंना हाच आजार आहे. त्यांनी सांगितलं. लग्नाला आले नाही कारण मला काम होतं.

कवायत शिकवणं सुटलं तरी शिस्त सुटलेली नाही. उत्तर वेळेवर पाठव.

वन्सं

---

३० सप्टेंबर

तीर्थस्वरूप वन्सं,

हुकुमाची अंमलबजावणी झाली. पहिल्यांदा पाऊल आडवं ठेवलं तेव्हा मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, नवऱ्याला पाडताय की काय?" आणि तेवढ्यात हे माझं पाऊल ओलांडून आत!

मग माझंही डोकं चाललं. शिंप्याच्या घरात खडूला काय तोटा? दारापासून टेबलापर्यंत जमिनीवर आडव्या रेघा मारल्या. पहिल्या दिवशी फजिती झाली. मी त्यांच्या जुन्या चालीच्या हिशेबाने मारल्या होत्या, हे दुसऱ्याच रेघेशी अडकले. दुसऱ्या दिवशी आत्ताचं पाऊल टेपने मोजलं. सोळा इंच. तेवढ्यावर मारल्या, तर ठक-ठक करत थेट टेबल!

"रागावलात का हो?" असंही विचारलं. तर म्हणाले, "कुठे? मी तर सकाळपासून हसतोय." वन्सं, मी महिनाभर त्या हसण्यावर रुसून बसले होते.

चिरंजीव कामावर गेल्यावर कपाटाची किल्ली शोधून काढली. चोर म्हणा हवं तर. जाड कागद टेबलावर पसरला. कात्री उचलेपर्यंत हात थरथरत होता, आणि पातं कागदाला लागलं मात्र, हात गप्प! एका बाहीचा नमुना कापायला पाऊण तास लागला, पण रेघ सोडून सुईएवढंही बाहेर नाही.

आता पुढचं नीट वाचा. त्या नादात आम्ही जुन्या मापाच्या वह्या काढल्या. बघते तर ह्यांचे आकडे दरवर्षी बारीक होत गेलेले, यंदाचे तर मुंगीएवढे. डॉक्टर म्हणालेच होते की या आजारात अक्षर आक्रसतं. मग काय मनात आलं कोण जाणे, पेटीतून तुमचं जुनं पत्र काढलं, चिरंजीवाच्या बारशाच्या वेळचं, आणि परवाच्या पत्राशेजारी ठेवलं. टेप लावली. तेव्हा तुमचं अक्षर दोन सूत, म्हणजे पाव इंच, उंच होतं. आता अर्धं सूतही नाही, आणि ओळीच्या शेवटी तर भिंग लागतं.

शाळेतल्या त्या ओळखीच्या बाई कोण, ते मला कळलं, वन्सं. फोनवरचा आवाजही कळला. मी चार वर्षं तुम्हाला गर्विष्ठ म्हटलं, आणि ते मनात नाही, दहा जणांत म्हटलं. मला माफ करा. किती वर्षं झाली?

तुमची वहिनी

---

२२ ऑक्टोबर

वहिनी,

पहिला आठवडा तुझ्यावर रागावले. दुसरा आठवडा स्वतःवर. तिसऱ्यात हे पत्र चारदा लिहून फाडलं.

पाच वर्षं झाली.

लग्नाला मी निघाले होते. नवे कपडे, बॅग, तुझ्या सुनेसाठी मनगटी घड्याळ. बसच्या पायरीशी पाय खिळले. मागे रांग. कंडक्टर म्हणाला, "आजी, चढा नाहीतर बाजूला व्हा." मी बाजूला झाले. आठशे मुलींना एका आदेशात पाऊल उचलायला लावणारी बाई मी. मला माझं स्वतःचं पाऊल उचलता आलं नाही. हे कुणाला सांगणार होते? त्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं बरं वाटलं.

अगदी एकटी नाही. खालच्या मजल्यावर लाँड्री आहे. तिथल्या बाईने एकदा मला जिन्याशी अडकलेलं पाहिलं. स्वतःची चप्पल काढून माझ्या पायापुढे आडवी ठेवली. तिची सासू बारा वर्षं या आजारात होती, सगळं तिने केलं. तुला सांगितलेल्या युक्त्या तिच्या आणि तिच्या सासूच्या. दर मंगळवारी दवाखान्याच्या हॉलमध्ये असे रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं जमतात. तिथे चला म्हणून ती दोन वर्षं माझ्या मागे आहे. मी जात नाही. चारचौघांत बटणं अर्धवट लावून जायचं?

खडूच्या रेघा मात्र तिलाही सुचल्या नव्हत्या. काल तिच्याकडून खोलीभर मारून घेतल्या. पाच वर्षांत प्रथमच माझा चहा टेबलापर्यंत गरम पोचला. शाब्बास.

धाकट्याला यातलं काही सांगू नकोस. त्याचं त्याला पुरे आहे.

वन्सं

---

३१ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप वन्सं,

सांगितलं. पत्र वाचता वाचता मी हुंदके देत होते आणि हे समोरच बसलेले. लपवणार कुठे, पदराखाली?

ऐकून म्हणाले, "ताईला थंडीचा कोट मी शिवणार." इतक्या मोठ्याने, की आतून सूनबाई बाहेर आली. हल्ली ह्यांचं बोलणं तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही, तिथे हे!

संध्याकाळी चिरंजीवाशी खडाजंगी झाली. किल्लीचं प्रकरणही उघडकीला आलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. एक कोट. बाबांनी स्वतः कापायचा, स्वतः शिवायचा. आत्याला नीट बसला तर दुकान राहील. बोट कापलं किंवा कोट बिघडला, तर एक जानेवारीपासून टाळं, आणि मग कुणी हुज्जत घालायची नाही." हे म्हणाले, "चालेल." मला धडकी भरली. तीस मिनिटांत जॅकेट कापणारा माणूस, पण तो काळ वेगळा. आणि इतक्या लांबून, ट्रायल न घेता!

तेव्हा मापं काटेकोर पाठवा. टेप आणि चिठ्ठी सोबत आहे. लाँड्रीवाल्या बाईंना घ्यायला सांगा, स्वतः घेऊ नका.

सोबत एक सदराही आहे. ह्यांना बटणं लावायला वीस मिनिटं लागायची आणि मी लावून दिली की मान खाली घालायचे. मग मी काजं शिवून बंद केली, बटणं वरून नुसती शोभेची टाकली आणि आतून चिकटपट्टी लावली. दाबलं की लागलं. बघणाऱ्याला काही कळत नाही. तुमचाही तसाच केलाय, घालून बघा.

तुमची वहिनी

---

९ नोव्हेंबर

वहिनी,

अक्षर बघ. लाँड्रीवालीने नातीची दुरेघी वही दिली. दोन रेघांच्या मध्ये लिहायचं, दोन्ही रेघांना शिवायचं. एका पानावर जेमतेम आठ ओळी बसतात. बसू देत.

सदरा चार मिनिटांत घातला. मग मंगळवारी न जाण्यासाठी माझ्याकडे सबबच उरली नाही. गेले. अकरा रुग्ण आणि तितकेच सोबतीला आलेले. एक म्हातारे इंजिनचालक आहेत. त्यांची बायको त्यांना घाईघाईने भरवत होती. मी म्हटलं, "बाई, चमचा त्यांच्या हातात द्या, सांडलं तर सांडलं." ती माझ्यावर डाफरली. मग पंधरा मिनिटांनी चमचा दिला. सांडलं, पण त्यांनी खाल्लं. परत निघताना मी दाराशी वळले आणि अडकले, तर तेच मला म्हणाले, "जागच्या जागी वळू नका हो, इंजिन कधी जागच्या जागी वळतं का? मोठा वळसा घ्या." घेतला. सुटले. धाकट्याला सांग हे.

सदऱ्याची चौकशी पाच जणांनी केली.

मापं चिठ्ठीवर आहेत.

वन्सं

---

२३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. धाकट्याने कापड कापलं नसेल तर त्याला थांबव.

मी दिलेलं पाठीचं माप खोटं आहे. लाँड्रीवाली टेप घेऊन आली तेव्हा मी भिंतीला टाचा आणि खांदे टेकवून, छाती काढून सावधानमध्ये उभी राहिले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही अशा उभ्या नसता." मी तिला दटावलं. माप संपताच पाठ परत वाकली. ती वाकलेलीच असते. गेली तीन वर्षं मी आरशात बाजूने बघितलेलं नाही.

माझ्या तोऱ्यापायी त्याचं दुकान जाईल. पंधरा दिवस गिळून बसले होते, आता राहवेना. मला माफ कर आणि त्याला सांग.

वन्सं

---

४ डिसेंबर

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा कोट कापून तीन दिवस झाले होते. चिरंजीव घरात होता. लपवाछपवीने काय होतं ते या वर्षात मी पुरेपूर शिकले आहे, तेव्हा सरळ दोघांपुढे मोठ्याने वाचलं.

चिरंजीवाने डोक्याला हात लावला. आणि हे, वन्सं, हे हसले! चेहरा फारसा हलला नाही, पण आवाज आला, ह्या-ह्या-ह्या, खांदे हलताना दिसले. म्हणाले, "ती मापं आली तेव्हाच मला ठाऊक होतं. ताई डॉक्टरपुढेसुद्धा सावधानमध्ये उभी राहते. लहानपणी ताप आला होता तेव्हापण." मग हळूहळू उठले, रेघांवरून टेबलापर्यंत गेले आणि कोटाची पाठ उचलून दाखवली. वाकलेल्या अंगाला पाठीचं कापड लांब लागतं आणि पुढचं आखूड, नाहीतर कोट मागून वर चढतो आणि पुढे लोंबतो. हे मला छत्तीस वर्षांत कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "पण किती लांब, ते कसं ठरवलंत?" तर म्हणाले, "छाती, कंबर, बाही ताईची. पाठ माझी." सूनबाईला एक दिवस बोलावून ह्यांनी स्वतःच्या पाठीचं माप घ्यायला लावलं होतं. जशी आहे तशी, न ताणता. मला पत्ताच नाही.

चिरंजीवाने ते कापड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. नंतर त्याने टेबलावरचा दिवा खाली ओढून ह्यांच्या हातावर आणला.

शिवण रोज गोळीनंतर दीड तास, सकाळी आणि दुपारी. त्याबाहेर सुईला हात नाही. कॉलर दोनदा उसवली. एकदा सुई टोचली, तर चिरंजीव म्हणाला, "टोचलं म्हणजे कापलं नाही, चालू द्या." काल शेवटचा टाका घातला. आज पार्सल पाठवलं आहे. आता तुम्ही सांगाल ते खरं. पण खरं सांगा हं, वन्सं. भावाच्या मायेने खोटं लिहू नका, चिरंजीवाला मी तसं वचन दिलंय.

तुमची वहिनी

---

१७ डिसेंबर

वहिनी,

खरं तेच लिहिते. चिरंजीवालाही वाचून दाखव.

कोट घातला. लाँड्रीवाली मागे उभी राहिली, इस्त्री करणाऱ्याची नजर तिची, शिवणीतली खोट तिच्यापासून लपत नाही. म्हणाली, "कड मागेपुढे सारखी आहे. कुठे ओढत नाही." मग तिने आरसा आणला आणि मी बाजूने बघितलं. बाई वाकलेली होती. कोट सरळ होता. अंगावर असा बसला होता की जणू मी अशीच असायला हवी. मी रडले, वहिनी. आनंदाने. कवायतीच्या बाईला रडताना बघून लाँड्रीवाली इतकी घाबरली की माझ्यासाठी आणलेलं पाणी ती स्वतःच प्यायली.

कोट उत्तम बसला आहे. यात मायेचा एक टाका नाही.

मंगळवारी तोच घालून गेले. व्यायाम घेणारी मुलगी आजारी होती. सगळे नुसते बसून. मला बघवेना. उभी राहिले आणि आदेश दिला, "कदम ताल!" वहिनी, माझा आवाज! पाच वर्षं हरवलेला आवाज त्या खोलीत असा वाजला की बाहेरची परिचारिका धावत आली. बोलताना तो येत नाही, पण आदेश द्यायला गेलं की येतो, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तेवीस माणसं उठली. एक, दोन, एक, दोन. इंजिनचालक, त्यांची डाफरणारी बायको, सगळी. रुग्ण कोण आणि सोबतीला आलेलं कोण, ते दहा मिनिटं ओळखू येत नव्हतं. आता दर मंगळवारी अर्धा तास माझा.

नऊ जणांना सदरे हवेत, तिघांना कोट. जानेवारीत मी मापं घेऊन स्वतः येते. बसने. पायरीशी स्वतःला आदेश देईन, कंडक्टरने कान झाकून घ्यावेत.

वन्सं

---

१ जानेवारी

ताई,

हे मी लिहितोय. दुरेघी वही तुझ्या वहिनीने आणून दिली. तू थोरली, पण अक्षर माझं मोठं आलंय, मोजून बघ.

मापं घेताना कुणालाही भिंतीला टेकवू नकोस. जो जसा उभा राहतो तसा मोज. आणि सोबत आलेल्यांचीही घे. त्या इंजिनचालकांच्या बायकोने स्वतःसाठी किती वर्षांत काही शिवलं नसेल, विचार तिला.

आज सकाळी चिरंजीव माझ्याबरोबर दुकानात आला. रस्त्याकडच्या दाराचं टाळं काढलं, झाडलं, जमिनीवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या त्या त्याने गुडघ्यावर बसून नव्याने मारल्या. सोळा इंच, टेप लावून. मग दारावरची पाटी हातात घेऊन विचारलं, "बाबा, वेळ काय लिहू? उद्यापासून किती वाजता उघडायचं?"

मी म्हटलं, नऊ. त्याला ऐकू आलं नाही. परत म्हटलं. तो म्हणाला, "बाबा, मोठ्याने." तेव्हा मला तुझं मंगळवारच्या कवायतीचं पत्र आठवलं. टेबलाला धरून ताठ उभा राहिलो, म्हणजे माझ्यापुरता ताठ, आणि आदेश दिला तसा ओरडलो, "नऊ वाजता!"

रस्त्यापलीकडून वाणी ओरडला, "कळलं, शेठ! नऊला चहा पाठवतो!"

धाकटा